एका गळ्यावर दोन संसार

या आठवड्याचं पत्र कोथरूडहून आलंय. जागेसाठी थोडं आखडून देते.

“ताई, मी २९ वर्षांची. आई-बाबांजवळ राहते, हिंजवडीला नोकरी करते. वयाच्या नवव्या वर्षापासून १४ वर्षं सदाशिव पेठेत बाईंकडे ख्याल शिकले. बाई आता ७८ वर्षांच्या आहेत आणि अजून शिकवतात. गाण्यातली एखादी जागा त्या एकदाच म्हणून दाखवायच्या. मग आम्ही दहादा चुकलो तरी गप्प. त्याचा तेव्हा फार राग यायचा. चार वर्षांपूर्वी ऑफिसातल्या एका मित्रानं जॅझ ऐकवलं आणि मी त्यातच अडकले. आता दर गुरुवारी कोरेगाव पार्कातल्या एका रेस्टॉरंटमध्ये पियानो आणि डबल बास (व्हायोलिनसारखं, पण उभं आणि खर्जाचं वाद्य) यांच्याबरोबर गाते. दर वेळी तिघांत मिळून १२ हजार मिळतात. शनिवार-रविवारी सहा जणांना शिकवते, प्रत्येकी महिना ३ हजार. नोकरीचे हातात ८२ हजार येतात. नोकरी सोडू का? मुंबईला जाऊ का? शिकवायला लागलं की आपलं गाणं संपतं असं सगळे म्हणतात, ते खरं का? बाबा भजनी मंडळात पेटी वाजवतात, गाण्यातलं त्यांना कळतं. ते म्हणतात, ‘दुसऱ्यांची गाणी दुसऱ्यांच्या भाषेत गाऊन कुणाचं भलं झालंय?’ मला उत्तर सुचत नाही. बाईंना तर अजून काहीच सांगितलेलं नाही. दोन वर्षं गुरुपौर्णिमेलाही गेले नाही. – दोन डगरींवरची.

ता. क. सोमवारी आवाज बसलेला असतो, बुधवारपर्यंत सुटतो. हे नॉर्मल आहे ना?”

बाळा, तुझं उत्तर मी तळाकडून वर देणार आहे. ता. क.मधला प्रश्न सुटल्याशिवाय वरच्या प्रश्नांना हात घालण्यात अर्थ नाही.

नाही, हे नॉर्मल नाही. शनिवार-रविवारी शिकवून बसलेला आवाज बुधवारी सुटतो आणि गुरुवारी तू पुन्हा त्याला कामाला जुंपतेस. म्हणजे आठवड्यातले तीन दिवस तुझा गळा नुसता डागडुजीत जातो. आणि हे फक्त सहा विद्यार्थ्यांवर.

आपल्या स्वरयंत्रातले दोन स्वरतंतू साधं बोलतानासुद्धा एकमेकांवर येऊन मिटतात आणि उघडतात. बाईमाणसाच्या बोलण्यात हे सेकंदाला साधारण २०० वेळा होतं. तासभर सलग आवाज लागला, तर झाले ७ लाख २० हजार वेळा. पियानोवरचा मधला ए गायलीस, तर सेकंदाला ४४०. निरोगी तंतू हे सहज सोसतात, त्यांची घडणच तशी आहे. पण ते सुजलेले असताना आपण जोर लावून तोच आवाज काढायला जातो, तेव्हा रोज त्याच जागी मार बसतो आणि तिथे घट्टे पडायला लागतात. सुतारकाम करणाऱ्याच्या हाताला पडतात तसे.

हे मी वाचून सांगत नाही. मीही गाते आणि शिकवते. चाळिशीच्या जरा आधी एका डिसेंबरात माझ्याकडे नाताळचे आणि वर्षअखेरीचे मिळून अकरा कार्यक्रम होते. त्याच महिन्यात नऊ मुलं पाश्चात्त्य संगीताच्या ग्रेड परीक्षेला बसणार होती, त्यांचे जादा तास. सकाळी मुलांना गाऊन दाखवायचं, रात्री स्वतः गायचं. आवाज घोगरा झाला होता, तो बरा वाटतोय असं दोघा-तिघांनी सांगितलं आणि मला ते आवडलं. ३१ तारखेच्या दुसऱ्या सेटमध्ये, म्हणजे मधल्या सुट्टीनंतरच्या भागात, वरच्या स्वरांच्या जागी नुसती हवा यायला लागली. जानेवारीत डॉक्टरांनी कॅमेऱ्यातून मला माझा गळा दाखवला. दोन्ही तंतूंवर समोरासमोर दोन बारीक गाठी होत्या. तीन महिने गाणं बंद.

म्हणून पहिलं काम: कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा, आणि “मी गाते आणि शिकवते” हे सांगून स्वरतंतूंची कॅमेऱ्यानं तपासणी करून घे. शक्य असेल तिथे स्ट्रोबोस्कोपी कर. तिच्यात तंतूंचं हलणं संथ झालेलं दिसतं आणि कुठे अडतंय ते कळतं. नुसती टॉर्च मारून “घसा थोडा लाल आहे” एवढ्यावर समाधान मानू नकोस. गाठी असल्या तरी घाबरू नकोस. सुरुवातीच्या गाठींवर पहिला उपाय ऑपरेशन नसतो, आवाजाची थेरपी असते. ती वाचा-उपचार तज्ज्ञ देतात आणि ती खरोखर लागू पडते. माझ्या गाठी अशाच विरल्या.

तोवर काही गोष्टी आजपासून कर. दोन सेटच्या मध्ये टेबलांवर जाऊन गप्पा मारणं थांबव. गोंगाटात आपण नकळत आवाज चढवतो, आणि त्या पंधरा मिनिटांचं बोलणं पाऊण तासाच्या गाण्याहून महाग पडतं. कुजबुजून बोलणं ही विश्रांती नव्हे, गप्प बसणं ही विश्रांती. कार्यक्रमानंतर रात्री साडेदहाला जेवून लगेच आडवी होत असशील, तर पोटातलं आंबट वर येऊन सकाळी घसा धरतो. त्या दिवशी संध्याकाळी सहालाच नीट खाऊन घे. आणि पेल्यात दोन बोटं पाणी घेऊन, कागदी नळीतून बुडबुडे काढत, ओठ नळीभोवती मिटून गुणगुणल्यासारखे स्वर खालून वर आणि वरून खाली फिरव. नळीतून परत येणाऱ्या दाबामुळे तंतू कमी जोरानं मिटतात. प्रत्येक विद्यार्थ्यानंतर तीन मिनिटं पुरतात.

आता शिकवण्याकडे येते. या प्रश्नाचं उत्तर मला त्या तीन महिन्यांत मिळालं.

गाणं बंद होतं, पण घर चालवायचं होतं. मुलांच्या पालकांना मी खरं सांगितलं. सात जण थांबले. मी पाटी घेऊन पियानोपाशी बसायला लागले. स्वर वाजवायचा आणि वाट पाहायची. मूल गायलं की मी गाऊन दाखवू शकत नव्हते, म्हणून पाटीवर लिहायची: “हनुवटी?”, “श्वास कुठे संपला?”, “पुन्हा, पण आधी ओळ बोलून दाखव.” पहिले दोन आठवडे मला हे शिकवणं वाटतच नव्हतं. मग हळूहळू ऐकू यायला लागलं की ही सगळी मुलं माझी नक्कल करत होती. मी ज्या शब्दाआधी श्वास घेते तिथेच श्वास. मी ज्या स्वरावर हवा सोडते तिथेच हवा. एक मुलगी, भरदार आणि सुंदर आवाजाची, दोन वर्षं माझ्या पट्टीत गात होती. कारण मी त्याच पट्टीत गाऊन दाखवत होते. आम्ही पियानोवर उतरत उतरत तिची पट्टी शोधली, ती माझ्यापेक्षा चार सूर खाली निघाली. त्या दिवशी तिनं पहिल्यांदा डोळे मिटून, खांदे न उचलता गाणं म्हटलं. त्या खोलीतलं ते गाणं मी आजही विसरलेले नाही.

मी गप्प बसले तेव्हा मुलं स्वतःला ऐकायला लागली.

आता तुझ्या पत्रातली बाईंची ओळ पुन्हा वाच. जागा एकदाच म्हणून दाखवायच्या, मग तुम्ही दहादा चुकलात तरी गप्प. तुला तो कोरडेपणा वाटला. बाई ७८ वर्षांच्या आहेत, अजून शिकवतात, आणि शिकवण्यासाठी गळा शिल्लक आहे. आयुष्यभराच्या तालमीनंतर तो उगाच शिल्लक राहिलेला नाही. तुझ्याकडे जे येतात त्यांच्यासमोर तू एका तासात किती वेळा गातेस? पुढच्या शनिवारी फोनवर एक तास रेकॉर्ड कर आणि मोज. बहुतेक नव्या शिक्षकांचं असंच होतं. विद्यार्थ्याहून जास्त शिक्षकच गातो, कारण गाता येतं आणि शिकवता अजून येत नसतं. मीही दहा वर्षं हेच केलं.

“शिकवायला लागलं की गाणं संपतं” या म्हणण्यात एवढं खरं आहे की शिकवणं आणि गाणं एकाच गळ्यातून खर्च होतं. घर दोन आणि मिळकत एक, असा तो संसार आहे. शिकवताना गळा कमी आणि कान जास्त वापरायला शिकलीस, तर गाणं संपत नाही, उलट सुधारतं. दुसऱ्याचा श्वास कुठे तुटतो हे वर्षभर ऐकल्यावर स्वतःचा श्वास कुठे तुटतो ते लपत नाही. शिकवणं हे गाता न आल्यावरचं सांत्वन आहे असं जे मानतात, त्यांच्याकडे मुलं पाठवू नयेत असं मला मनापासून वाटतं. तो वेगळा हुन्नर आहे, वेगळा शिकावा लागतो. आवाज फुटण्याच्या वयातल्या मुलाला काय द्यायचं आणि काय मुळीच द्यायचं नाही, पन्नाशीतल्या बाईंचा वरचा सूर का उतरतो, ऑनलाइन तासाला आवाज मागेपुढे पोचतो म्हणून बरोबरीनं गाता येत नाही, तेव्हा साथीचा ट्रॅक विद्यार्थ्याच्या बाजूनं कसा लावायचा, हे सगळं त्यात येतं.

नोकरीचं मात्र आपण पाटीवरच मांडू. गुरुवारचे चार, तुझ्या वाट्याला चार-चार हजार, म्हणजे १६ हजार. विद्यार्थ्यांचे १८. एकूण ३४. पगारापेक्षा ४८ हजार कमी. कार्यक्रम वाढवणं तुझ्या हातात नाही, म्हणून हा खड्डा भरायला अजून १६ विद्यार्थी लागतील. आठवड्याला एक तास धरला तरी २२ तास शिकवणं. सहा तासांत तुझा आवाज बसतोय. शिवाय ही फी बाराही महिने येत नाही. मे महिन्यात मुलं मामाकडे, मार्चमध्ये शाळेच्या परीक्षा, गणपतीचे दहा दिवस ढोलपथकात, मग दिवाळी. माझ्या हिशेबात वर्षाचे साडेनऊ महिने धरते. तर आज नोकरी सोडलीस तर तू गायिका होणार नाहीस. थकलेली शिक्षिका होशील, आणि गुरुवारी उरलासुरला आवाज घेऊन पियानोशेजारी उभी राहशील.

नोकरी करून गाणं म्हणजे हौशी गाणं, ही समजूत डोक्यातून काढ. शीला जॉर्डन ही अमेरिकन जॅझ गायिका, १९२८चा जन्म, २०२५मध्ये ९६व्या वर्षी गेली. जॅझ गायकीत नुसत्या बासच्या साथीनं गाण्याचा प्रकार तिनं रुजवला. एका बासवर अख्खं गाणं तोलायचं, म्हणजे आपल्याकडे तबला बाजूला ठेवून बंदिश म्हणण्यासारखं आहे. ही बाई वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत दिवसा ऑफिसात टायपिस्टचं काम करत होती, एकटीनं मुलगी वाढवत होती आणि रात्री गात होती. १९७८पासून ती न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात गाणं शिकवायला लागली. तिच्याकडे शिकलेल्यांची गणती करता येणार नाही. तिला नोकरीनं गाण्यापासून अडवलं नाही. भाडं भरायला न आवडणारं गाणं म्हणायची वेळ मात्र नोकरीनंच टाळली.

तू पुढची दोन वर्षं अशी बघ. नोकरी ठेव. विद्यार्थी सहाच, पण दिवसाला तिघांपेक्षा जास्त नाहीत आणि दोन तासांच्या मध्ये पंधरा मिनिटं मोकळी. बुधवारी आणि गुरुवारी शिकवणं नाही. फी तिमाही आणि आगाऊ घे. गैरहजेरीचा तास आधल्या दिवशी कळवला तरच भरून मिळेल, हे पहिल्याच दिवशी लिहून दे. यानं माणसं दुखावत नाहीत, उलट नियमित येतात. महिना १६ हजार जे गाण्याचे येतात, त्यातले निम्मे बाजूला टाक. तेच पुढे घसा बसलेल्या महिन्याचं तुझं पेन्शन. बारा महिने सलग सोमवारी आवाज स्वच्छ राहिला, की मग कंपनीशी कमी तासांचं बोल आणि चार विद्यार्थी वाढव. या क्रमानं जा. आधी विद्यार्थी आणि मग आवाजाचं बघू, असं करू नकोस.

रेस्टॉरंटशी जे ठरेल ते मेसेजवर का होईना, लिहून घे. वेळ, पैसे किती दिवसांत, रद्द झालं तर काय, स्वतःला ऐकायला मॉनिटर स्पीकर आहे की नाही. मला एका ठिकाणी वर्षअखेरीचा कार्यक्रम २९ तारखेला रद्द झाल्याचं कळवलं, तोवर मी दोन कामं नाकारलेली होती आणि हातात कागद नव्हता. मॉनिटरची अट तर पैशाइतकीच महत्त्वाची. स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की आपण ओरडतो. आणि टीडीएस कापून देत असतील तर विवरणपत्र भरताना आयकर खात्याच्या नोंदी बघून तो मोजून घे. कितीतरी वादक ते पैसे सोडून देतात.

मुंबईला जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही. गाऊन ये, ऐकून ये, तिथल्या वादकांसमोर उभी राहा. राहायला जाण्याची मात्र आज गरज दिसत नाही. जॅझ गायिका शर्ली हॉर्न वॉशिंग्टनची. तिची पहिली रेकॉर्ड १९६०ची, तीच ऐकून नामांकित ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसनं तिला न्यूयॉर्कला गायला बोलावलं. पुढे मुलगी वाढवायची म्हणून ती बरीच वर्षं आपल्या गावाच्या आसपासच गात राहिली, स्वतः पियानो वाजवत. १९८०च्या दशकाच्या शेवटी पन्नाशी ओलांडल्यावर जगानं तिला पुन्हा ऐकलं, आणि तोवर तिची लय इतकी संथ, इतकी ठाम झाली होती की दोन शब्दांमधल्या शांततेत माणूस श्वास धरून बसतो. तेच ते श्रोते, तेच आठवड्याचे कार्यक्रम, तोच पियानो. त्यातून ती लय आली असं मला वाटतं. पुण्यात गुरुवारचे श्रोते तुला चार महिन्यांनी पुन्हा तेच गाणं मागतील. तेव्हा ते वेगळं गाता येतं का, हे तुला कळेल. रोज नव्या गावात गाणाऱ्याला ही परीक्षा लवकर मिळत नाही.

आता बाबा.

त्यांचा प्रश्न खोचक असला तरी खरा आहे, त्याला चिडून उत्तर देऊ नकोस. हे संगीत अमेरिकेतल्या काळ्या माणसांचं आहे. गुलामीतून, शेतातल्या हाकांतून, चर्चमधून आणि ब्लूज नावाच्या त्यांच्या गाण्यांतून आलेलं. ते आपलं नाही हे तू गाताना कधी विसरू नकोस, आणि ज्यांनी ते घडवलं त्यांची नावं प्रत्येक विद्यार्थ्याला सांगत जा. पण ते आपल्या दारात काल आलेलं नाही. अमेरिकन वादक लिऑन ॲबी आपला बँड घेऊन १९३५मध्ये मुंबईच्या ताजमध्ये आला. त्याच्यासारख्यांच्या संगतीत गोव्याचे वादक तयार झाले. चर्चच्या शाळांत नोटेशन वाचायला शिकलेली ती माणसं होती. चिक चॉकलेट हा त्यातलाच ट्रम्पेटवाला, हा पुढे हिंदी सिनेमाचे संगीतकार सी. रामचंद्र यांच्याबरोबर काम करत होता. आणि सी. रामचंद्र म्हणजे आपल्या नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, शास्त्रीय गायक विनायकबुवा पटवर्धनांच्या तालमीतले. बाबांच्या पिढीनं ज्या गाण्यांवर लग्नाच्या वरातीत ठेका धरला, त्यात स्विंग, म्हणजे जॅझची झुलती लय, होता. त्यांना ते नाव माहीत नव्हतं इतकंच.

हे सगळं त्यांना सांगितलंस तर ते ऐकून घेतील. पण पेटीवाल्याला पेटीवर पटतं. रविवारी सकाळी पेटी मध्ये घेऊन बस. सा पांढरी एक. बाबांना चार-चार स्वर एकदम दाबायला सांग, तीन वेळा: आधी रे म ध आणि वरचा सा. मग प नि रे म. मग सा ग प नि. सगळे शुद्ध. जॅझमधली निम्मी गाणी या तीन पावलांवर चालतात. त्यांनी पहिलं दाबलं की तू म लाव आणि धरून ठेव. पहिल्या वेळी तो म घरातला वाटेल. दुसऱ्या वेळी तोच म, तू काहीही केलेलं नसताना, ताणला जाईल. तिसऱ्या वेळी तो गवर उतरल्याशिवाय चैन पडणार नाही, आणि तू उतर. मग पुन्हा पहिल्यापासून. या खेपेला वरचा सा लाव. दुसऱ्या पावलाला तो निवर उतरेल आणि तिसऱ्याला नि तिथेच राहील, पण आता निवांत.

बाबांच्या चेहऱ्याकडे बघ. आपल्याकडे तानपुरा जागचा हलत नाही आणि गाणारा फिरतो. इथे गाणारा एका स्वरावर उभा असतो आणि पायाखालची जमीन सरकते. बाईंकडच्या १४ वर्षांनी तुला तो स्वर न हलता धरायला शिकवलं आहे. जॅझ शिकणाऱ्या किती जणांना हेच येत नाही, मी रोज बघते.

आणखी दोन गोष्टी तुझ्याकडे आधीपासून आहेत. मध्यम लयीच्या स्विंगमध्ये मात्रेचे दोन भाग सारखे नसतात. पहिला साधारण दुप्पट लांब, दुसरा आखूड. शाळेत वृत्तं शिकताना आपण गुरूला दोन मात्रा आणि लघूला एक मोजायचो, तेच ते. तुला तिस्र जातीत, म्हणजे मात्रेचे तीन भाग करून, बोल म्हणता येत असतील तर स्विंग तुझ्या जिभेवर अर्धा आहेच. उरलेला अर्धा म्हणजे वजन: आपण समेवर झुकतो, तिथे दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर टाळी पडते. रोज चालताना उलट्या पावलावर चुटकी वाजव. महिनाभरात अंगात भिनेल. दुसरं, ब्लूजमध्ये शुद्ध गंधाराच्या पायावर कोमल गंधार लागतो आणि तोच जीव घेतो. जोग शिकली असशील तर दोन्ही गंधार एका रागात कसे नांदतात हे तुझ्या कानाला नवं नाही. फक्त ब्लूजमधला तो गंधार नेमक्या पट्टीवर बसत नाही, थोडा वरखाली घसरतो. पेटीवर तो सापडणार नाही, गळ्यातच सापडेल. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, येणाऱ्या मुलीला तो सापडायला वेळ लागू नये.

जिथे तुला खरंच कमी पडणार आहे ते इंग्रजी. व्याकरण नव्हे, बोलण्याचा भार. गाणं पाठ करण्याआधी त्याचे शब्द समोरच्या माणसाशी बोलल्यासारखे वीस वेळा बोल, कुठल्या शब्दावर वजन पडतं ते पेन्सिलीनं टिंब देऊन ठेव, मगच चाल लाव. आपण मराठी माणसं प्रत्येक अक्षराला सारखा मान देतो, त्यानं तिथली ओळ सपाट होते. तुझे विद्यार्थीही इथेच अडकत असणार. आणि प्रत्येक गाण्याची पट्टी स्वतःची ठरव. छापील पुस्तकातली पट्टी बहुतेकदा वादकांच्या सोयीची असते. पियानोवाल्याला तुझ्या पट्टीतला कागद लिहून दे, आणि लय चुटकीवर स्वतः मोजून दे. हे दोन्ही येणाऱ्या गायिकेला वादक बरोबरीची मानतात.

मराठीत जॅझ गाऊ का, असं तू विचारलेलं नाहीस, पण लवकरच कुणीतरी तुला ते सुचवेल. घाई करू नकोस. एखादी ओळ स्वतःहून त्या लयीत येऊन बसली तर गा. बाबांना उत्तर म्हणून गाऊ नकोस.

राहिल्या बाई. तुझ्या पत्रात सगळ्यात कमी शब्द त्यांच्यावर आहेत आणि मला सगळ्यात जास्त काळजी तिथली वाटते. त्या रागावतील. दोन गुरुपौर्णिमा चुकल्या म्हणून रागावतील, आणि तो राग खाली मान घालून ऐक. जॅझचं काय म्हणतील हे तुला माहीत नाही, मलाही नाही. डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत त्यांच्यासमोर काही गाऊन दाखवायचंही नाही. म्हणून आधी नुसती जा. त्यांच्या तालमीच्या वेळेला जा, सांगून जा, कोपऱ्यात बस. समोर एखादी नऊ-दहा वर्षांची मुलगी चुकत असेल. बाईंकडे बघ. त्या कधी हात उचलतात, कधी तानपुऱ्याच्या षड्जावर थांबवतात, कधी नुसत्या बघत राहतात. तासाभरात त्या स्वतः किती वेळा गातात ते बोटांवर मोज. शनिवारच्या तुझ्या रेकॉर्डिंगमधला आकडा आणि हा आकडा, दोन्ही मला कळव.